कन्सोल-खेळांचे परीक्षण आणि पाठनिश्चितीचा प्रश्न : १९९० ते १९९९

१

कोणत्याही कृतीविषयी निर्णय देणाऱ्या परीक्षकाने आपल्यापुढे असलेली कृती नेमकी कोणती, हे प्रथम निश्चित करावयास हवे, हा नियम ग्रंथसमीक्षेत इतका रूढ झाला आहे की त्याचा स्वतंत्र उच्चार करण्याची सहसा गरज भासत नाही. मराठी अभ्यासकास तर तो विशेष परिचित आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठांतरांनी ग्रंथ दूषित झाला होता म्हणूनच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली व १९६६ मध्ये तडीस नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे या नियमाचेच भव्य उदाहरण होय. परंतु ज्या कृती तालपत्रावर वा कागदावर नव्हे, तर प्लास्टिकच्या डबीत बसविलेल्या स्मृतिपटावर अथवा चकतीवर प्रसिद्ध झाल्या, त्यांना हा नियम कितपत लागू पडतो, याचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही.

१९९० ते १९९९ या दशकात दूरदर्शन-संचास जोडून खेळावयाचे जे व्हिडिओ गेम प्रसिद्ध झाले, त्यांना आज ‘अभिजात’ हे विशेषण सर्रास लावले जाते, आणि त्यांची पुनर्परीक्षणेही सतत होत असतात. या खेळांपैकी फार मोठा वाटा जपानमध्ये निर्माण झाला. तो इंग्रजी व अन्य भाषांत उतरविला गेला. निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या यंत्रांसाठी त्यात फेरफार झाले. अशा स्थितीत ‘अमुक खेळ चांगला’ अथवा ‘अमुक खेळ सामान्य’ या विधानातील ‘खेळ’ या शब्दाने कोणता पाठ अभिप्रेत आहे, हे सांगितल्यावाचून त्या विधानास निश्चित अर्थच प्राप्त होत नाही. त्या दशकातील परीक्षणांत हा विवेक क्वचितच आढळतो. परिणामी भाषांतराचा दोष मूळ लेखकाच्या माथी, आणि दूरदर्शन-पद्धतीचा दोष खेळाच्या माथी बसला. हा गुंता कसा निर्माण झाला व तो कसा सोडवावा, हा या निबंधाचा विषय होय.

२

प्रथम यंत्रांचा विचार करणे इष्ट ठरेल. सेगा कंपनीचे मेगा ड्राइव्ह हे यंत्र जपानमध्ये १९८८ मध्ये आले. अमेरिकेत ते १९८९ मध्ये जेनेसिस या नावाने विकले गेले. निन्टेन्डोचे सुपर फॅमिकॉम जपानमध्ये नोव्हेंबर १९९० मध्ये, अमेरिकेत सुपर निन्टेन्डो या नावाने १९९१ मध्ये, आणि युरोपात १९९२ मध्ये पोहोचले. सोनीचे प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये व १९९५ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात आले. १९९६ मध्ये निन्टेन्डो ६४ व १९९८ मध्ये सेगाचे ड्रीमकास्ट यांनी दशकाचा उत्तरार्ध व्यापला. एकाच यंत्रास दोन नावे, आणि एकाच खेळाच्या दोन खंडांतील प्रकाशनात कधी काही महिन्यांचे तर कधी वर्षांचे अंतर, ही या काळाची सर्वसाधारण स्थिती होती.

परीक्षण-नियतकालिकांची वाढ याच सुमारास झाली. जपानमध्ये १९८६ मध्ये सुरू झालेल्या फामित्सु या नियतकालिकाने चार परीक्षकांनी प्रत्येकी १० पैकी गुण द्यावयाचे व त्यांची ४० पैकी बेरीज छापावयाची, अशी पद्धत पाडली. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली या मासिकानेही चार परीक्षकांची अशीच योजना स्वीकारली. १९८९ मध्ये निघालेल्या गेमप्रोने चित्र, ध्वनी, नियंत्रण व रंजकता अशी चार सदरे करून प्रत्येकास स्वतंत्र मूल्य दिले. इंग्लंडमध्ये १९९३ मध्ये सुरू झालेल्या एजने अधिक गंभीर सूर लावला. त्याने १० पैकी १० गुण प्रथम दिले ते १९९६ मध्ये, सुपर मारिओ ६४ या खेळास. १९८८ पासून निघणारे निन्टेन्डो पॉवर मात्र यंत्र विकणाऱ्या कंपनीनेच चालविलेले होते, ही गोष्ट त्यातील अभिप्राय वाचताना विसरून चालणार नाही.

या सर्व पद्धतींतील एक उणीव भाषेच्या अभ्यासकास तत्काळ जाणवते. चित्रास गुण, ध्वनीस गुण, बोटांखालील कळा कितपत आज्ञाधारक आहेत यासही गुण. परंतु भाषेस, आणि विशेषतः भाषांतरास, स्वतंत्र सदर नाही. ज्या खेळांत खेळणाऱ्याचे निम्मे लक्ष पडद्यावरील संवाद वाचण्यात जाते, अशा कथाप्रधान खेळांनाही हीच मोजपट्टी लावली गेली. गुणांच्या बेरजेने आणखी एक हानी होते. चार परीक्षकांनी ८, ८, ८ व ८ असे गुण दिले काय आणि १०, १०, ६ व ६ असे दिले काय, बेरीज ३२ च येते. पहिल्या निर्णयात एकमत आहे. दुसऱ्यात तीव्र मतभेद आहे. फामित्सुने चौघांचे गुण पृथक् छापले हे तिचे श्रेय होय. पण लोकस्मृतीत उरली ती बेरीजच.

३

पाठाचा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो स्क्वेअर कंपनीच्या फायनल फँटसी या मालिकेत. या मालिकेचा चौथा भाग जपानमध्ये जुलै १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा व तिसरा हे भाग इंग्रजीत आलेच नसल्यामुळे त्याच वर्षी अमेरिकेत तो ‘फायनल फँटसी दोन’ या नावाने विकण्यात आला. १९९२ चा पाचवा भागही त्या वेळी भाषांतरित झाला नाही. म्हणून १९९४ चा सहावा भाग अमेरिकेत ‘फायनल फँटसी तीन’ ठरला. १९९७ मध्ये सातवा भाग मात्र सर्वत्र सातवा म्हणूनच आला. अमेरिकन वाचकाच्या दृष्टीने मालिका तीनवरून एकदम सातवर गेली. तेव्हा १९९५ च्या एखाद्या अमेरिकन लेखात ‘तिसऱ्या भागा’ची प्रशंसा आढळली, तर ती १९९० मध्ये फॅमिकॉमवर निघालेल्या जपानी तिसऱ्या भागाची नव्हे, हे अभ्यासकाने जाणले पाहिजे.

नावापेक्षा अंतरंगातील भेद महत्त्वाचे आहेत. चौथ्या भागाच्या अमेरिकन आवृत्तीत पात्रांच्या काही आज्ञा व काही वस्तू गाळण्यात आल्या आणि खेळ एकंदरीत सोपा करण्यात आला. हा खेळ फार सोपा आहे, असे जो अमेरिकन परीक्षक म्हणतो, तो संक्षिप्त पाठाविषयी बोलत असतो. मूळ जपानी पाठास ते विधान जसेच्या तसे लावता येत नाही.

सहाव्या भागाचे भाषांतर टेड वूल्झी यांनी केले. त्यासाठी त्यांना सुमारे ३० दिवसच मिळाले होते, असे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे. मुदतीपेक्षाही कठीण अडचण होती ती जागेची. त्या कार्ट्रिजची एकूण क्षमता २४ मेगाबिट, म्हणजे अवघी ३ मेगाबाइट होती. चित्रे, संगीत, आज्ञावली व संवाद हे सर्व तीतच बसवावयाचे होते. जपानी काना लिपीत एका चिन्हात सामान्यतः एक संपूर्ण अक्षर सामावते. देवनागरी वाचकास यातील लाघव सहज उमगेल. ‘कमल’ हा शब्द देवनागरीत तीन अक्षरांत लिहिला जातो, रोमन लिपीत त्यास पाच वर्ण लागतात. जपानी संवादाचे इंग्रजीत रूपांतर करताना हीच अडचण पानोपानी, किंबहुना चौकटीचौकटीत, उभी राहिली. पात्रांच्या नावांना सहा चिन्हांची मर्यादा होती. मजकुराचा पुष्कळसा भाग गाळल्यावाचून गत्यंतर नव्हते.

नावांतील बदलही विचारार्ह आहेत. जपानी पाठातील टीना ही इंग्रजीत टेरा झाली, कायेनचा सायन झाला, आणि माशचा सेबिन झाला. टीना हे नाव जपानी कानास परके व म्हणून अद्भुतरम्य वाटे. अमेरिकेत ते शेजारच्या घरातील मुलीचे नाव होते. मूळ नाव जसेच्या तसे ठेवले असते तर शब्द टिकला असता, पण परिणाम नाहीसा झाला असता. म्हणजे येथे भाषांतरकाराने अर्थाऐवजी परिणामाशी इमान राखले. हा निर्णय बरोबर की चूक, यावर मतभेद होऊ शकतो; परंतु तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता, एवढे तरी परीक्षकाने ओळखावयास हवे होते.

४

भाषांतरातील चुका म्हणून ज्यांची थट्टा झाली त्या सर्वच चुका एका जातीच्या नाहीत. त्यांचे निदान चार वर्ग करता येतात, आणि ते वेगळे न केल्यास परीक्षण अन्यायकारक होते.

पहिला वर्ग खऱ्या अशुद्धांचा. मेगा ड्राइव्हवरील झीरो विंग या खेळाच्या युरोपीय आवृत्तीतील प्रारंभीचे इंग्रजी संवाद इतके विस्कळीत आहेत की २००० नंतर ते संगणक-जगतात विनोदाचा विषय झाले. हा खेळ मूळचा १९८९ मधील, नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांवरचा. तो विनोदी प्रास्ताविक प्रसंग मात्र मेगा ड्राइव्हच्या आवृत्तीसाठी नव्याने जोडलेला होता. ग्रंथसमीक्षेच्या परिभाषेत बोलावयाचे तर ज्या भागामुळे ही कृती जगप्रसिद्ध झाली, तो भाग प्रक्षिप्त आहे. १९९७ च्या सातव्या फायनल फँटसीत एरिस या पात्राच्या तोंडी कर्ता एकवचनी व क्रियापद अनेकवचनी असलेले जे वाक्य येते, तेही याच वर्गातील होय.

दुसरा वर्ग लिप्यंतराच्या संदिग्धतेचा. याच एरिसचे नाव पुढील अनेक इंग्रजी कृतींत एरिथ असे येते. जपानी लिपीत परभाषेतील ‘स’ आणि ‘थ’ या दोन्ही ध्वनींसाठी एकच चिन्ह वापरतात. त्यामुळे लिखित रूपावरून मूळ ध्वनी निश्चित करता येत नाही. येथे भाषांतरकाराचे अज्ञान नाही, दोन लिप्यांच्या ध्वनिव्यवस्थांतील अंतर आहे.

तिसरा वर्ग गैरसमजाचा. चौथ्या भागात वृद्ध मांत्रिक टेला हा एका राजपुत्र-गायकाची ‘स्पूनी’ या विशेषणाने निर्भर्त्सना करतो. अनेक वाचकांनी ही भाषांतरकाराची घोडचूक मानली. वस्तुतः ‘प्रेमात खुळा झालेला’ या अर्थी हा शब्द इंग्रजीत जुनाच आहे, आणि प्रियेच्या विरहाने हातपाय गाळून बसलेल्या त्या गायकास तो चपखल बसतो. पुढे खेळाचे नवे भाषांतर झाले तेव्हाही तो शब्द कायम ठेवण्यात आला. ज्यास प्रमाद म्हटले गेले, ते परंपरेने मान्य पाठ म्हणून स्वीकारले.

चौथा वर्ग सर्वांत सूक्ष्म आहे. कॅपकॉमचा रेसिडेन्ट ईव्हिल हा भयकथात्मक खेळ जपानमध्ये मार्च १९९६ मध्ये बायोहॅझर्ड या नावाने प्रसिद्ध झाला. त्यातील पात्रे जपानी आवृत्तीतही इंग्रजीच बोलतात. जपानी भाषा फक्त खालच्या अनुवादपट्टीत येते. त्या इंग्रजी उच्चारणातील कृत्रिमता इंग्रजीभाषक परीक्षकास तत्काळ जाणवली. जपानी परीक्षक अनुवादपट्टी वाचत होता. त्याच्या कानी पडणारा परभाषेचा ध्वनी विदेशी चित्रपटाचे वातावरण निर्माण करीत होता. ध्वनी तोच, पण श्रोत्याच्या मातृभाषेनुसार त्याचे मूल्य पालटले. दोघांचे निर्णय भिन्न आले तर त्यांतील एक चुकीचा असलाच पाहिजे, असे येथे म्हणता येत नाही.

५

भाषेप्रमाणेच धोरणानेही पाठभेद निर्माण केले. निन्टेन्डोच्या अमेरिकन शाखेने धार्मिक चिन्हे, रक्तपात व मद्य यांविषयी कडक नियम केले होते. त्यामुळे सहाव्या फायनल फँटसीतील ‘पवित्र’ या अर्थाच्या मंत्रास इंग्रजीत ‘मोती’ या अर्थाचे नाव मिळाले, आणि मद्यगृहांच्या पाट्यांवर उपाहारगृहाचे नाव आले.

मॉर्टल कॉम्बॅट हा द्वंद्वयुद्धाचा खेळ सप्टेंबर १९९३ मध्ये घरगुती यंत्रांवर आला तेव्हा हा भेद सर्वांच्या दृष्टीस पडला. सुपर निन्टेन्डोवरील आवृत्तीत रक्ताच्या जागी करड्या रंगाचा घाम दाखविला होता व द्वंद्वाच्या अखेरचे घातक प्रहार सौम्य केले होते. जेनेसिसवरील आवृत्तीतही रक्त प्रथमदर्शनी दिसत नसे. परंतु कळांचा ठराविक क्रम दाबताच ते प्रकट होई. चित्रांच्या बाबतीत पहिली आवृत्ती मूळ यंत्राच्या अधिक जवळची, आशयाच्या बाबतीत दुसरी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकन सिनेटपुढे या प्रश्नाची सुनावणी झाली, आणि १९९४ मध्ये खेळांचे वयोमानानुसार वर्गीकरण करणारे मंडळ स्थापन झाले. ‘मॉर्टल कॉम्बॅट हिंसक आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्या यंत्रावर व कोणत्या कळा दाबून, यावर अवलंबून होते, हे या वादात लक्षात ठेवणे अगत्याचे होते.

एकाच यंत्रावर, एकाच नावाखाली व एकाच भाषेत सुद्धा पाठभेद संभवतो. द लेजेन्ड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम हा खेळ नोव्हेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. फामित्सुने ४० पैकी ४० गुण प्रथम दिले ते याच खेळास. या खेळाच्या आरंभीच्या प्रतींत अग्निमंदिराच्या संगीतात इस्लामी प्रार्थनेचे स्वर ऐकू येतात व अखेरच्या शत्रूचे रक्त लाल असते. नंतरच्या प्रतींत ते स्वर काढले गेले आणि रक्त हिरवे झाले. डबीवरील नावात काहीच फरक नाही. परिपूर्ण ठरविल्या गेलेल्या कृतीचाही पाठ एकच नव्हता, ही गोष्ट परीक्षणशास्त्राच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

६

आतापर्यंतचे भेद कृतीच्या अंतरंगातील झाले. याखेरीज काही भेद असे आहेत की जे स्मृतिपटावरील मजकूर न बदलताही उद्भवतात. जपान व उत्तर अमेरिका येथील दूरदर्शन-संच सेकंदास सुमारे ६० वेळा चित्र रेखाटीत. युरोपातील पाल पद्धतीचे संच ५० वेळा. जो खेळ पहिल्या पद्धतीसाठी बांधला व दुसऱ्या पद्धतीसाठी नीट जुळवून घेतला नाही, तो एक षष्ठांशाने मंद चाले. एका मिनिटाचा प्रसंग ७२ सेकंद घेई, आणि पडद्याच्या वर-खाली काळे पट्टे दिसत. जून १९९१ मधील सोनिक द हेजहॉग या खेळाची सारी ख्याती वेगावर उभारलेली होती. युरोपात तो याच मंद गतीने, मंदावलेल्या संगीतासह खेळला गेला. इंग्लिश परीक्षक व जपानी परीक्षक यांनी वेगाविषयी काढलेले उद्गार त्यामुळे समान मोजमापाचे ठरत नाहीत.

याच खेळातील धबधब्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. मेगा ड्राइव्ह यंत्रास अर्धपारदर्शक चित्र काढण्याची सोय नव्हती. चित्रकारांनी उभ्या रेषा एक सोडून एक रंगविल्या. त्या काळच्या जोडतारेतून जाताना व काचनळीच्या पडद्यावर उमटताना त्या एकमेकींत मिसळून पारदर्शक पाण्याचा आभास निर्माण होई. आजच्या सपाट पडद्यावर त्या रेषा सुट्या दिसतात, आणि नवा परीक्षक धबधबा ‘ओबडधोबड’ असल्याचा शेरा मारतो. वस्तुतः ओबडधोबडपणा चित्राचा नसून वाचनसाधनाचा आहे.

भारतातील दूरदर्शनची पद्धतीही पालच. तथापि मुंबई-पुण्याकडील घरांतून त्या दशकात जी खेळयंत्रे आढळत, त्यांपैकी पुष्कळशी निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉम यंत्राच्या विनापरवाना नकला होत्या. त्यांच्या कार्ट्रिजवर शेकडो खेळांची ग्वाही दिलेली असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा यादीत येत. परदेशांत खेळयंत्रांची पुढची पिढी रूढ होत असता येथे मागील पिढीचे खेळ, तेही बदललेल्या नावांनी, नव्याने वाचले जात होते. येथील स्मृतींवर आधारलेल्या लेखनात ‘नव्वदीतील खेळ’ म्हणून ज्यांचा उल्लेख होतो, ते बव्हंशी मागील दशकातील खेळ असतात. ही चूक नव्हे, ग्रहणाचा इतिहास होय. मात्र तो तसा नोंदविला पाहिजे.

७

पाठाचा विचार न करता दिलेला निर्णय किती लवकर पालटतो, याचे उदाहरण म्हणून अर्थबाउंड या खेळाकडे पाहता येईल. शिगेसातो इतोई हे जपानमधील नामांकित जाहिरात-लेखक. त्यांचा मदर २ हा खेळ ऑगस्ट १९९४ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सर्व मजकूर चिनी चित्रलिपीवाचून, केवळ काना लिपीत आहे. बोलभाषेचा साधेपणा व त्यामागे दडलेला गंभीर भाव, हेच त्याचे वैशिष्ट्य. जून १९९५ मध्ये अर्थबाउंड या नावाने तो अमेरिकेत आला. इंग्रजी रूपांतराची मुख्य जबाबदारी मार्कस लिंडब्लोम यांच्याकडे होती. कंपनीने तेथे खेळ दुर्गंधियुक्त असल्याची विनोदी जाहिरात केली व नियतकालिकांतून वास येणारी पाने छापली. मूळ लेखन ज्या संयत विनोदासाठी ओळखले जात होते, त्याच्याशी या जाहिरातीचा सूर मुळीच जुळत नव्हता.

परीक्षणे कोमट होती. खेळाची चित्रे बालिश वाटली, कारण तो काळ त्रिमितीच्या आगमनाचा होता आणि चित्रास स्वतंत्र गुण होते. संवादांचे लेखन हा खेळाचा प्राण. पण त्यास मोजपट्टीत स्थानच नव्हते. २०१३ मध्ये हा खेळ निन्टेन्डोच्या वी यू यंत्रावर पुन्हा उपलब्ध झाला, तोपर्यंत त्याची गणना दशकातील उत्कृष्ट लेखनात होऊ लागली होती. मजकूर तोच, चित्रे तीच. पालटले होते ते परीक्षकाचे प्रश्न. १९९५ चा परीक्षक अप्रामाणिक होता असे यावरून ठरत नाही. त्याच्या हाती जी चार सदरे होती, त्यांत त्या खेळाचे मर्म बसत नव्हते, एवढेच ठरते.

याउलट काही कृती इंग्रजी परीक्षकापुढे आल्याच नाहीत. १९९५ चा सेइकेन देन्सेत्सु ३ हा खेळ हौशी भाषांतरकारांनी २००० मध्ये इंग्रजीत उतरविला. अधिकृत इंग्रजी आवृत्ती निघण्यास २०१९ साल उजाडले. या दोहोंमधील १९ वर्षांत या खेळाविषयी इंग्रजीत जे काही लिहिले गेले, त्यातील बराच भाग हौशी पाठावर आधारलेला आहे. अनधिकृत म्हणून हा पाठ दुर्लक्षिता येत नाही, कारण एका पिढीने वाचलेला ग्रंथ तोच होता.

८

यावर असा आक्षेप संभवतो की, खेळ हा वाचावयाचा ग्रंथ नसून खेळावयाची वस्तू आहे. हाताला जे सुख वा क्लेश होतात त्यांचा पाठभेदांशी संबंध काय? आक्षेपात तथ्य आहे. सुपर मारिओ ६४ मधील उडीचे सौष्ठव समजण्यास भाषाशास्त्राची आवश्यकता नाही. परंतु सोनिकच्या उदाहरणावरून दिसते की हाताचा अनुभवही पाठावर अवलंबून असतो. गती एक षष्ठांशाने घटली तर उडीचा क्षणही पालटतो. म्हणून पाठनिश्चिती हा परीक्षणास पर्याय नव्हे, परीक्षणाची ती पूर्वअट आहे.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीशी केलेल्या तुलनेसही मर्यादा आहे. तेथे आद्य पाठ नष्ट झालेला असून उपलब्ध हस्तलिखितांच्या साहाय्याने शक्य तितक्या प्राचीन रूपापर्यंत पोहोचणे हे संपादकांचे ध्येय होते. कन्सोल-खेळांच्या बाबतीत मूळ जपानी पाठ सामान्यतः ज्ञात आहे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पाठास प्रकाशनाची तारीख आहे. येथे लुप्त मूळ शोधावयाचे नसून, कोणत्या वाचकसमूहाने कोणता पाठ वाचला हे नोंदवावयाचे आहे. सहाव्या फायनल फँटसीचे पुढील काळातील अधिक मूलानुसारी भाषांतर उपलब्ध असले, तरी १९९४ च्या अमेरिकन वाचकाचा ग्रंथ वूल्झींचाच राहतो.

या नोंदीची निकड आज वाढली आहे. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत. असे खेळ ग्रंथालयांनी दूरस्थ अभ्यासकांस उपलब्ध करून द्यावेत, यासाठी मागितलेली सवलत अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. म्हणजे भावी अभ्यासकाच्या हाती पुष्कळदा खेळ नसेल, केवळ त्याचे परीक्षण असेल. कृती लुप्त होऊन तिच्यावरील टीका मात्र उरावी, असे प्रसंग संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकास अपरिचित नाहीत. आणि अशा वेळी टीकाकाराने आपल्यापुढील पाठ नीट उद्धृत केला होता की नाही, यावर सर्व काही अवलंबून राहते.

यास्तव पुनर्परीक्षण करणाऱ्याने निदान पाच गोष्टी आरंभीच नमूद कराव्यात : कोणत्या देशातील व कोणत्या वर्षाची आवृत्ती, कोणते यंत्र, मूळ की त्याची प्रतिकृती, कोणत्या प्रकारचा पडदा व कोणती दूरदर्शन-पद्धती, कोणती भाषा, आणि ज्ञात असल्यास भाषांतरकाराचे नाव, व खेळ अखेरपर्यंत खेळला की अर्ध्यावर सोडला. या पाच नोंदींना चार ओळींहून अधिक जागा लागत नाही. १९९४ मध्ये वूल्झींना ३ मेगाबाइटच्या मर्यादेत एका दीर्घ कथेचे संवाद बसवावे लागले होते. आजच्या परीक्षकास जागेची तशी काहीच अडचण नाही.